शंभर ‘पास’ आणि एक ‘फेल’

२०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हवाई विद्यापीठातील काही रसायनशास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांपासून मिळालेल्या संयुगांची रचना ठरवणे हा त्याचा विषय. अशी रचना ठरवताना एनएमआर यंत्रावर मिळालेली निरीक्षणे आणि गणिताने काढलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहतात. या गणितासाठी त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पायथन या संगणक-भाषेत लिहिलेल्या काही छोट्या आज्ञावली वापरल्या. आज्ञावली नावाजलेल्या होत्या; शंभराहून अधिक निबंधांत त्यांचा हवाला दिलेला होता. पण या मंडळींना एक विचित्र गोष्ट आढळली. माहिती तीच, आज्ञावली तीच. मात्र संगणकाची संचालन प्रणाली बदलली की उत्तर बदलते!

कारण शोधले तेव्हा ते अगदी साधे निघाले. आज्ञावलीला बऱ्याच फाइली एका ठरावीक क्रमाने वाचायच्या होत्या. तिने संचालन प्रणालीकडे फाइलींची यादी मागितली आणि ती यादी क्रमवार लावलेलीच असणार असे गृहीत धरले. काही संगणकांवर ती तशी मिळे, काहींवर मिळत नसे. अशा क्रमाची हमी भाषेच्या नियमांत कधीच दिलेली नव्हती. क्रम चुकला की एका फाइलीतला आकडा भलत्याच फाइलीतल्या आकड्याशी जोडला जाई. तरीही संगणक काही कुरकुर न करता, दशांश चिन्हासह, मोठ्या आत्मविश्वासाने एक उत्तर देई.

हा दोष पाच वर्षे लपून कसा राहिला? प्रत्येकाने आज्ञावली आपापल्या संगणकावर चालवली, उत्तर आले, ते वहीत उतरवले आणि काम पुढे नेले. ‘माझ्याकडे तर चालते’ एवढी खात्री प्रत्येकाला पुरेशी वाटली. एकाच प्रयोगशाळेत, एकाच उपकरणावर मिळालेल्या निष्कर्षाला आपण विज्ञानात सहसा पक्का म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ही शिस्त आपण सोडून देतो.

ही शिस्त संगणकाच्या क्षेत्रात आणण्याचा एक मोठा आणि जुना प्रयत्न आहे. आपल्याकडे त्याची फारशी माहिती नाही. त्याचे गुण मोठे आहेत आणि दोषही विचार करण्याजोगे आहेत. दोन्हींची तपासणी करण्याचा हा प्रयत्न.

भांडार आणि तपासनीस

लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल ही संगणक-भाषा प्रसिद्ध केली. या भाषेत लोकांनी लिहिलेले उपयोगी संच कोणालाही विनामूल्य मिळावेत म्हणून १९९५ साली ‘सीपॅन’ नावाचे भांडार सुरू झाले. अशा संचाला ‘पॅकेज’ म्हणतात. तारखांचे हिशेब, पत्रव्यवहार, जनुकांच्या माहितीवरील प्रक्रिया, असे नाना तऱ्हेचे संच तेथे आहेत. त्यांची आज्ञावली उघडी असते. ती कोणीही वाचावी, सुधारावी. यालाच आपण मुक्त स्रोत म्हणतो.

भांडार वाढू लागले तसा प्रश्न उभा राहिला : संच लिहिणाऱ्याकडे एकच संगणक, वापरणाऱ्यांकडे मात्र शंभर प्रकारचे. कोणाकडे लिनक्स, कोणाकडे विंडोज, कोणाकडे सोलारिस. भाषेच्या आवृत्त्या वेगळ्या, प्रोसेसर वेगळे. १९९८ साली ग्रॅहम बार आणि ख्रिस नँडर यांनी यावर एक तोड काढली. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकावर नवे संच उतरवून घ्यावेत, ते बांधून पाहावेत, त्यांच्या चाचण्या चालवाव्यात आणि निकाल सर्वांना दिसेल असा नोंदवावा. हेच ‘सीपॅन टेस्टर्स’. पुढे हे काम स्वयंचलित झाले. आता संगणक नवा संच आला की स्वतःच उचलतो, तपासतो आणि अहवाल पाठवतो. माणूस झोपलेला असला तरी चालते.

या कामाला तेथे ‘स्मोक टेस्ट’, म्हणजे धुराची चाचणी म्हणतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना ही कल्पना समजावून सांगायला नको. जोडणी पूर्ण झाली की वीज सुरू करायची आणि धूर निघतो का ते पाहायचे. धूर निघाला नाही म्हणजे रेडिओ उत्तम वाजेल असे नव्हे. पण धूर निघाला तर पुढचे काही पाहायलाच नको.

चाचणीची रीतही पाहण्यासारखी आहे. संच लिहिणाराच त्यासोबत छोट्या छोट्या चाचण्या लिहून देतो. चाचणी-आज्ञावली सहसा सुरुवातीलाच जाहीर करते, ‘मी पाच गोष्टी तपासणार आहे’. मग प्रत्येक गोष्टीसाठी एकेक ओळ लिहिते : ‘ओके १’, ‘ओके २’, ‘नॉट ओके ३’. पाच जाहीर करून चारच ओळी आल्या, तर त्या चारही ‘ओके’ असल्या तरी चाचणी नापास. मधेच कोलमडलेल्या आज्ञावलीला गप्प राहून सुटता येत नाही. प्रयोगापूर्वी किती वाचने घेणार ते लिहून ठेवायचे आणि नंतर त्यातले नकोसे वाचन गुपचूप गाळायचे नाही, असाच हा नियम आहे. तो पर्लच्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आला आहे.

शेवटी अहवालावर चारपैकी एक शेरा पडतो. सर्व चाचण्या उतरल्या तर ‘पास’. एखादी बिघडली तर ‘फेल’. हा संच या प्रकारच्या संगणकासाठी नाहीच, असे असेल तर ‘लागू नाही’. आणि संचासोबत चाचण्याच नसतील किंवा निकाल सांगता येत नसेल तर ‘अज्ञात’. शिक्षकांनी या शेवटच्या दोन शेऱ्यांकडे जरूर लक्ष द्यावे. जी मुलगी परीक्षेला बसलीच नाही तिला नापास म्हणणे चुकीचे, आणि जिला प्रश्नच विचारले नाहीत तिला उत्तीर्ण म्हणणेही चुकीचे. आपल्या गुणपत्रिकांत हा विवेक नेहमी दिसतो असे नाही.

शेऱ्याखाली संपूर्ण परिस्थिती नोंदलेली असते : संचालन प्रणाली कोणती, भाषेची आवृत्ती कोणती, ती कशी बांधली होती, मदतीला घेतलेल्या इतर संचांच्या आवृत्त्या कोणत्या. प्रयोगवहीत ‘साहित्य’ आणि ‘परिस्थिती’ या शीर्षकांखाली आपण जे लिहायला सांगतो तेच हे.

लपलेली गृहीतके

या व्यवस्थेने काय साधले? माझ्या मते सर्वांत मोठा लाभ म्हणजे लपलेली गृहीतके उघडी पडली. दोन उदाहरणे पाहू.

पर्लमध्ये शब्दकोशासारखी एक रचना असते. तिला ‘हॅश’ म्हणतात. नाव दिले की त्याची किंमत मिळते. हॅशमधली नावे कोणत्या क्रमाने बाहेर येतील याची हमी भाषेने दिलेली नव्हती. पण एकाच संगणकावर पुन्हा पुन्हा चालवले तर क्रम बहुधा तोच येई. साहजिकच अनेकांच्या आज्ञावली नकळत त्या क्रमावर विसंबल्या. २०१३ साली आलेल्या ५.१८ या आवृत्तीत सुरक्षिततेच्या कारणासाठी हा क्रम दर वेळी मुद्दाम बदलता ठेवण्यात आला. त्याबरोबर वर्षानुवर्षे उत्तीर्ण होणारे कित्येक संच कधी ‘पास’ तर कधी ‘फेल’ होऊ लागले. त्यांच्या लेखकांनी एक अक्षरही बदललेले नव्हते. दोष आधीपासून होताच. तो दिसण्याजोगी परिस्थिती नव्हती.

दुसरे उदाहरण दिनदर्शिकेचे. वर्ष दोन आकड्यांत लिहिले तर ‘७०’ म्हणजे १९७० की २०७०? पर्लच्या वेळमोजणीच्या एका जुन्या संचात नियम असा, की चालू वर्षाच्या मागेपुढे ५० वर्षांत जे बसेल ते धरायचे. २०१९ पर्यंत ‘७०’ म्हणजे १९७० होते. १ जानेवारी २०२० उजाडला आणि ‘७०’ चे २०७० झाले! खुद्द त्या संचाच्याच चाचण्या नव्या वर्षात नापास झाल्या. संच तोच, संगणक तोच, बदलली ती फक्त भिंतीवरची तारीख. म्हणून ‘एकदा तपासले, झाले’ हे म्हणणे पुरत नाही. तपासणी सतत चालू राहावी लागते.

अनेकांनी तपासण्याचा फायदा किती, याचा एक छोटा हिशेब मांडता येतो. समजा, एखादी चाचणी केवळ योगायोगाने दहा वेळांत एकदा बिघडते. लेखकाने ती तीन वेळा चालवली, तर तिन्ही वेळा ठीक दिसण्याची शक्यता ०.९ चा घन, म्हणजे सुमारे ०.७३. चारपैकी जवळजवळ तीन वेळा त्याला दोष दिसणारच नाही, आणि त्यात त्याची काही लबाडीही नाही. तीच चाचणी पन्नास स्वयंसेवकांनी एकेकदा चालवली, तर एकालाही दोष न दिसण्याची शक्यता ०.९ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ०.००५, दोनशेत एक. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित लघुगणकाने स्वतः करून पाहावे.

मोजणी आणि विविधता

पण याच हिशेबात या व्यवस्थेचा पहिला दोष लपलेला आहे. प्रत्येक चाचणी इतरांपासून स्वतंत्र आहे असे आपण वर गृहीत धरले. योगायोगाने होणाऱ्या चुकीसाठी ते चालते. हवाईच्या उदाहरणातला दोष मात्र योगायोगाचा नव्हता. ज्या प्रणालीवर यादी क्रमवार मिळते, तेथे ती हजार वेळा चालवा, हजार वेळा तेच योग्य उत्तर येईल.

भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात आपण हा भेद शिकवतो. यादृच्छिक त्रुटी अनेक वाचने घेऊन कमी होते. पद्धतशीर त्रुटी होत नाही. व्हर्नियरची शून्य-त्रुटी शंभर वाचनांची सरासरी काढूनही जात नाही. दुसरे उपकरण घ्यावे लागते.

सीपॅनच्या कामात अहवालांची संख्या फार अभिमानाने सांगितली जाते. कोणी किती अहवाल पाठवले याची क्रमवारीही लागत आली आहे. अहवालांचा मोठा वाटा मूठभर अतिशय उत्साही स्वयंसेवकांकडून येतो. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण एकाच घरातल्या एकसारख्या दहा संगणकांनी दिलेले दहा ‘पास’ म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार दहा वेळा बोलला. याउलट कोणाच्या तरी कोपऱ्यातल्या जुन्या, वेगळ्या बांधणीच्या संगणकावरून आलेला एकुलता एक ‘फेल’ शंभर ‘पास’पेक्षा अधिक शिकवून जातो. क्रमवारी लावायचीच तर ती परिस्थितीच्या विविधतेवर लावावी. संख्येला बक्षीस दिले की संख्या वाढते, हे पटसंख्येच्या आणि निकालाच्या टक्केवारीच्या अनुभवावरून शिक्षकांना मी काय सांगावे!

प्रश्नपत्रिका कोणाची?

दुसरा दोष अधिक खोल आहे. चाचण्या लिहितो कोण? संचाचा लेखकच. म्हणजे प्रश्नपत्रिका काढणारा आणि सोडवणारा एकच. स्वयंसेवक हे फक्त वेगवेगळ्या गावांतली परीक्षा केंद्रे. केंद्रे कितीही वाढवली तरी जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर तपासले जाणार नाही. चाचणीने दोष आहे हे दाखवता येते, दोष नाही हे नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी फार पूर्वी बजावले होते.

येथे माझी स्वतःचीही कबुली देतो. प्रयोगशाळेसाठी लिहिलेल्या माझ्या एका आज्ञावलीतील चाचणी अधूनमधून नापास होत असे. काम घाईचे होते. मी ती चाचणी ‘तात्पुरती’ बंद केली आणि दोन वर्षे ती बंदच राहिली. त्या दोन वर्षांत माझा अहवाल स्वच्छ ‘पास’ होता. ज्याने कधी ‘जी’चे मूल्य ९८० च्या जवळ यावे म्हणून लंबकाची वाचने थोडी ‘बसवून’ घेतली आहेत, त्याला हा मोह ओळखीचा वाटेल.

अहवाल वाचणार कोण?

तिसरा प्रश्न अहवाल आल्यानंतरचा. सीपॅनमध्ये ‘फेल’ आला तरी लेखकावर बंधन काहीच नाही. त्याने दुरुस्ती केली तर उत्तम. नाही केली तर संच तसाच भांडारात राहतो. शिवाय काही ‘फेल’ तपासणाऱ्याच्या संगणकातील गोंधळामुळेही येतात. असे चार-दोन खोटे इशारे आले की लेखक पाचव्या, खऱ्या इशाऱ्याकडेही डोळेझाक करतो.

याच्या उलट टोकाला ‘क्रॅन’ आहे. संख्याशास्त्रज्ञांच्या ‘आर’ या भाषेचे हे भांडार १९९७ साली सुरू झाले; नाव आणि कल्पना सीपॅनवरूनच घेतलेली. तेथे आज २०,००० हून अधिक संच आहेत. क्रॅनचे व्यवस्थापक स्वतःच निरनिराळ्या प्रणालींवर सर्व संच वारंवार तपासतात. दोष निघाला तर लेखकाला मुदत देतात आणि मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर संच चालू भांडारातून काढून जुन्या दप्तरात टाकतात. शिस्त कडक. मी स्वतः आर वापरतो आणि या शिस्तीचा लाभ रोज घेतो. पण तिची किंमतही आहे. एक संच काढला की त्याच्यावर अवलंबून असलेले इतर संचही अडचणीत येतात, आणि मुदतीचे पत्र ज्याला जाते तो बहुधा नोकरी सांभाळून, विनावेतन हे काम करणारा माणूस असतो. सीपॅनकडे विविध परिस्थितींतली माहिती आहे पण अधिकार नाही. क्रॅनकडे अधिकार आहे पण तपासणी काही ठरावीक प्रणालींपुरती आहे. दोन्हींचा मेळ घालणे सोपे नाही.

अहवालाला वाचक हवा, हे २०२४ साली फार ठळकपणे दिसले. माहिती दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या, लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. विशेष म्हणजे त्याचा महत्त्वाचा भाग चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना-फाइलींमध्येच दडवला होता. जी जागा दोष शोधण्यासाठी, तिलाच चोराने बिळासारखे वापरले! २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या संगणकतज्ज्ञाने तो उघडकीस आणला. दूरच्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याच्या लक्षात आले. काही आठवड्यांपूर्वी एका स्वयंचलित तपासणीत आलेली एक विचित्र तक्रारही त्याला आठवली. त्याने दोन गोष्टी जोडल्या आणि धागा सापडला.

या प्रकरणावरून स्वयंचलित अहवाल निरुपयोगी ठरतात, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. तक्रार यंत्रानेच नोंदवली होती. मात्र ‘हे असे का?’ हा प्रश्न यंत्राला पडला नाही. तो अहवाल वाचलेल्या, लक्षात ठेवलेल्या माणसाला पडला.

प्रयोगवहीत

मग या साऱ्या खटाटोपाचे मोल काय? सीपॅन टेस्टर्सचे खरे देणे कोट्यवधी ‘पास’ हे नाही. अपयश लाज न बाळगता, परिस्थितीसह, सर्वांसमोर नोंदवायचे, आणि ते कोणाचा कमीपणा दाखवण्यासाठी नव्हे तर सर्वांच्या उपयोगासाठी, ही रीत त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ चालवली. त्या अहवालांची मोजणी संख्येने न होता विविधतेने झाली, इतरांनाही चाचण्या सुचवता आल्या, आणि प्रत्येक ‘फेल’ला कोणीतरी उत्तर देऊ लागले, तर ही रीत आणखी खरी होईल.

शाळेत हे करून पाहता येईल. साध्या लंबकाचा प्रयोग नेहमीप्रमाणे द्या, पण एक बदल करा. प्रत्येक गटाने किती वाचने घेणार ते आधी फळ्यावर लिहावे. धागा कोणता, गोळा कोणता, घड्याळ कोणते, पंखा चालू की बंद, तेही लिहावे. मग सर्व गटांचे आकडे, जसे आले तसे, शेजारी शेजारी मांडावेत. ज्याचा आकडा वेगळा आला त्याला ‘चुकलास’ म्हणू नये. ‘तुझ्याकडे काय वेगळे होते?’ असे विचारावे. एखाद्या गटाचे घड्याळ मागे पडणारे निघेल, एखाद्याने लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता हुकापर्यंतच मोजलेली असेल. त्या एका गटामुळे वर्गाला जे कळेल ते बाकीच्या सर्व ‘बरोबर’ वह्यांत सापडणार नाही. त्या गटाच्या वहीवर लाल शाईने फुली मारण्याआधी आपण शिक्षकांनी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.